मध्ययुगीन स्कॉटिश योद्ध्याचं अस्सल किट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमधल्या रीएनॅक्टमेंट गटांत (जुन्या काळचे पोशाख आणि लढाया हुबेहूब उभ्या करणाऱ्या हौशी मंडळांत) जाऊ इच्छिणारी मराठी मंडळी, मध्ययुगीन युरोपची चित्रं काढणारे चित्रकार आणि शिवकालीन शस्त्रांच्या नादातून हळूहळू परदेशी चिलखतांकडे वळलेले इतिहासप्रेमी, या तिन्ही प्रकारच्या लोकांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं जास्त आहे.

सगळ्यात आधी काय विकत घ्यावं?

काहीच नाही. आधी माणूस ठरवा. तो कोणत्या सालचा, कुठल्या भागातला आणि त्याची ऐपत किती, ही तीन उत्तरं हातात नसतील तर पैसे खर्च करू नका.

"मध्ययुगीन स्कॉटलंड" म्हणजे एकच काळ असं समजून बरेच जण खरेदीला निघतात. प्रत्यक्षात ११३८ च्या स्टँडर्डच्या लढाईपासून १५१३ च्या फ्लॉडनपर्यंत पावणेचार शतकं जातात. पहिल्या लढाईतला सरदार कड्यांच्या चिलखतात असतो, त्याच्या हातात वर गोल आणि खाली निमुळती होत गेलेली लांब ढाल असते. त्याच लढाईत नैर्ऋत्य स्कॉटलंडमधल्या गॅलोवेचे लोक मात्र जवळजवळ चिलखताशिवाय लढले. फ्लॉडनच्या पहिल्या रांगेत पूर्ण पोलादी पत्र्यात मढलेली माणसं आहेत आणि त्यांच्या हातात पाइक, म्हणजे खूप लांब भाले आहेत. एका काळाचं शिरस्त्राण, दुसऱ्याचे हातमोजे आणि तिसऱ्याची तलवार घेतली की किट महाग होतं आणि तरीही कोणाचंच राहत नाही.

भूभागाचंही तसंच. दक्षिण आणि पूर्वेकडचा सखल मुलुख शस्त्रांच्या बाबतीत इंग्लंड-फ्रान्सच्या जवळ होता. पश्चिमेकडची बेटं आणि डोंगराळ, गेलिक भाषा बोलणारा प्रदेश यांची वेशभूषा वेगळी, आणि आयर्लंडशी नातं सांगणारी.

नवख्या माणसाने कोणता काळ निवडावा?

माझं मत ठाम आहे : स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याच्या काळातला, म्हणजे साधारण १३१४ ते १३२० मधला सखल मुलुखातला पायदळ सैनिक. २३ आणि २४ जून १३१४ ला इंग्रजांविरुद्ध झालेली बॅनकबर्नची लढाई सगळ्यांना माहीत असते, एवढ्यासाठी मी हे सांगत नाही. त्या काळातल्या सामान्य माणसाकडे काय असायला हवं, याची यादी राजाच्या कायद्यातच लिहिलेली आहे. इतकी सरळ सोय दुसऱ्या फार थोड्या काळांबाबत मिळते.

त्या कायद्यात नेमकं काय आहे?

डिसेंबर १३१८ मध्ये स्कोन इथे भरलेल्या संसदेत हा कायदा झाला. ज्याची चीजवस्तू १० पौंडांची आहे, अशा प्रत्येकाकडे राज्याच्या रक्षणासाठी एक चांगलं अ‍ॅकेटन (जाड शिवलेला कापडी अंगरखा), एक बॅसिनेट (डोक्याला बसणारं पोलादी शिरस्त्राण), पत्र्याचे हातमोजे, भाला आणि तलवार असलीच पाहिजे. अ‍ॅकेटन आणि बॅसिनेट नसेल त्याने हॉबर्जन, म्हणजे कड्यांचं आखूड चिलखत, आणि काठ असलेली लोखंडी टोपी ठेवावी. हातमोजे त्यालाही हवेतच. आणि ज्याची ऐपत एका गाईएवढीच आहे, त्याच्याकडे एक चांगला भाला किंवा धनुष्य आणि २४ बाणांची जुडी असावी. दरवर्षी ईस्टरनंतर तपासणी व्हायची आणि ज्याच्याकडे सामान नसेल त्याची मालमत्ता जप्त व्हायची.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. चांगल्या ऐपतीच्या माणसाला कायदा पहिल्यांदा काय मागतो, तर कापडाचा अंगरखा. कड्यांचं चिलखत हा पर्याय म्हणून येतो. आज किट जमवणारे नेमकं उलटं करतात : आधी चकचकीत लोखंड घेतात आणि कापडाचा विचार उरलेल्या पैशांत करतात. स्कॉटिश पायदळाचं खरं चिलखत कापडी होतं. एवढं मनात पक्कं झालं की पुढचे निम्मे निर्णय आपोआप सुटतात.

एका गाईच्या ऐपतीचा माणूससुद्धा पूर्णपणे खरा आहे हेही विसरू नका. साधे लोकरी कपडे, बरे जोडे आणि हातात भाला, एवढ्यात पहिलं वर्ष निघू शकतं. त्यात काही कमीपणा नाही. बॅनकबर्नच्या मैदानात अशीच माणसं खूप असणार.

कापडाचं चिलखत खरंच वाचवतं का?

वाचवतं. तलवारीचा घाव लोकरीच्या सदऱ्यातून मांसापर्यंत जातो. पण घट्ट टाचलेल्या जाड थरांवर तोच घाव अडतो, कारण पात्याला एकेक धागा कापत जावं लागतं आणि त्यात त्याचा जोर संपतो. गदा किंवा दांड्याचा मार असेल तर आतलं भरण तो पसरवून टाकतं. कड्यांच्या चिलखताचं बरोबर उलटं असतं : ते कापू देत नाही, पण मार जसाच्या तसा हाडापर्यंत पोचवतं. म्हणून ते नुसतं कधीच घालत नाहीत, खाली शिवलेला कापडी अंगरखा लागतोच. टोकदार भाला किंवा जवळून सुटलेला बाण मात्र कापडातून शिरू शकतो.

आपल्याकडची गोधडी हातात घेऊन पाहिलेल्या माणसाला अ‍ॅकेटनची कल्पना लगेच येते. फरक एवढाच की इथे टाके उभ्या ओळींत आणि जवळजवळ असतात आणि भरण इतकं दाबून बसवलेलं असतं की अंगरखा टेबलावर ठेवला तरी आपला आकार सोडत नाही. बाजारातले स्वस्त 'गँबेसन', म्हणजे असेच भरण घातलेले अंगरखे, बहुतेक वेळा इथेच चुकतात : वर कॅनव्हास, आत पॉलिएस्टरचा फुसका थर, आणि टाके चार-चार बोटं लांब. ते मऊ असतात, घाम सोडत नाहीत आणि मार अडवत नाहीत.

अ‍ॅकेटन घरी शिवता येईल का? आत काय भरायचं?

येईल, आणि शिवण्याची थोडी सवय असेल तर मी तेच सुचवेन. वरचं आणि आतलं कापड लिननचं घ्या. भरणासाठी कापूस चालतो का, असं अनेक जण भीतभीत विचारतात, जणू कापूस म्हणजे फक्त भारतातली गोष्ट. चालतो. लंडनच्या चिलखतकारांचे १३२२ चे नियम आहेत आणि त्यांत अशा अंगरख्यांच्या भरणात कापसाचा उल्लेख आहे. म्हणजे बॅनकबर्ननंतर आठच वर्षांनी. त्यामुळे आपल्याकडच्या पिंजाऱ्याकडून नवा कापूस पिंजून घेतलात तर इतिहासाला धक्का लागत नाही. लोकर किंवा तागासारख्या धाग्यांचा कचरा, जुन्या कापडाचे थर, हेही चालतं.

कापड बेतताना मापापेक्षा सढळ ठेवा. भरण टाकून टाके घातले की रुंदी बरीच आटते, आणि नवशिक्याचा अंगरखा छातीवर लागत नाही तो यामुळेच. आधी जुन्या चादरीचा नमुना शिवून अंगावर घालून पाहा. हात सरळ डोक्यावर नेता आला पाहिजे. येत नसेल तर काखेत जोडतुकडा टाका. लांबी मांडीच्या मध्यापासून गुडघ्यापर्यंत कुठेही ठेवा, पण पुढे-मागे खालून चीर हवीच, नाहीतर पाऊल मोठं पडत नाही. बाही कोपरापाशी थोडी कमी भरा. उघडी दिसणारी शिलाई हाताने घाला; आतली मशीनवर केलीत तर बहुतेक गट काही म्हणत नाहीत.

हाच अंगरखा पुढे कड्यांच्या चिलखताखाली घालणार असाल तर पातळ शिवा. एकटा घालायचा असेल तर जाड. एकच अंगरखा दोन्हीकडे चालवायला गेलात तर तो दोन्हीकडे अडतो.

शिरस्त्राण कोणतं घ्यावं?

१३१८ च्या माणसासाठी दोनच पर्याय : सुरुवातीच्या घडणीचं बॅसिनेट, किंवा काठाची लोखंडी टोपी, जिला आज सगळे केटल हॅट म्हणतात.

बॅसिनेट घेताना आकाराकडे लक्ष द्या. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं बॅसिनेट डोक्याला लागून असतं, साधं असतं. पुढे चोचीसारखा निघालेला मुखपट्टा बाजारात सगळ्यात जास्त दिसतो आणि फोटोत देखणाही वाटतो. पण तो त्याच शतकाच्या उत्तरार्धातला आहे. नाकावर पट्टी असलेली नॉर्मन धाटणीची टोपी त्याच्या उलट फार जुनी. गळ्याभोवती कड्यांची झालर हवी असेल तर ती शिरस्त्राणाच्या कडेला असलेल्या छोट्या नळ्यांवर चामड्याची पट्टी बसवून आणि त्यातून वादी ओवून अडकवतात. वादी काढली की झालर सुटते आणि साफ करता येते.

केटल हॅट स्वस्त पडते, हवा खेळती ठेवते, समोरचं नीट दिसतं, आणि थोडा आकार बघून घेतली तर पुढच्या काळातही चालते. पहिलं शिरस्त्राण म्हणून माझं मत तिलाच.

कोणतंही घ्या, आतलं कापडी अस्तर आणि हनुवटीचा पट्टा आधी तपासा. डोक्यावर कापडी टोपी घालून मग माप द्या. प्रत्यक्ष लढतीत उतरणार असाल तर कवटीचा पत्रा साधारण २ मिलिमीटर जाडीचा लागतो. पण तुमच्या गटाचे सुरक्षा-नियम काय म्हणतात ते विचारल्याशिवाय मागवू नका.

कड्यांचं चिलखत घेताना काय पाहायचं?

प्रत्येक कडी चार शेजारच्या कड्यांत ओवलेली असते आणि तिची दोन टोकं एकमेकांवर चपटी करून रिव्हेटने, म्हणजे ठोकून बसवलेल्या बारीक खिळ्याने, बंद केलेली असतात. या काळासाठी एक ओळ रिव्हेटच्या कड्यांची आणि एक ओळ अखंड कड्यांची, अशी वीण योग्य आहे. टोकं नुसती एकमेकांना टेकवलेल्या कड्या घेऊ नका. ताण पडला की त्या उघडतात आणि खरं चिलखत तसं नसायचंच. अ‍ॅल्युमिनियम नको. जस्ताचा मुलामा दिलेलंही नको, त्याची फिकट राखाडी चमक दुरूनच ओळखू येते. कडीचा आतला व्यास ८ ते १० मिलिमीटर असला तर बरा दिसतो.

हॉबर्जनचं वजन साधारण ८ ते १० किलो भरतं. सगळा भार खांद्यावर येतो, म्हणून कमरेला पट्टा घट्ट बांधून वरचं चिलखत थोडं वर ओढून सोडायचं. निम्मा भार कंबर घेते आणि दुपारनंतर याचं महत्त्व कळतं.

पत्र्याचे हातमोजे इतके महत्त्वाचे का?

कायद्यात दोन्ही पर्यायांत ते आहेत, यावरूनच कळतं. भालाइताचे दोन्ही हात दांड्यावर पुढे असतात आणि समोरच्याचा घाव सरकत येतो तो बोटांवरच. त्या काळचे मोजे म्हणजे चामड्याच्या किंवा कापडाच्या मोज्यावर रिव्हेटने बसवलेले लहान लहान पत्रे. मनगटाशी अरुंद आणि वर फाकलेले, एका मोठ्या पत्र्याचे मोजे शतकाच्या मध्यानंतर रूढ झाले. सुरक्षेसाठी गट तेच घालायला सांगत असेल तर घाला. बोटं शाबूत राहणं आधी.

हत्यारं कोणती?

भाला. राखाडी सालीच्या अ‍ॅश झाडाचा दांडा, लांबी साधारण साडेतीन ते चार मीटर. ब्रूसचं सैन्य ज्या शिल्ट्रनमध्ये लढलं, ती भाल्यांची दाट रचना होती, आणि बॅनकबर्नला ती एका जागी उभी न राहता पुढे चालून गेली. १२९८ च्या फॉलकर्कच्या लढाईत विल्यम वॉलेस या स्कॉटिश सेनानीचे शिल्ट्रन जागच्या जागी उभे राहिले आणि इंग्रज धनुर्धरांनी त्यांना विरळ केलं. म्हणून भाला हातात आला की एकट्याने पवित्रे घेण्यापेक्षा पाच-सहा जणांबरोबर पाय जुळवून चालण्याचा सराव करा. दांड्याला जवसाचं तेल पाजत राहा.

तलवार एका हाताची, सरळ, दोन्ही बाजूंना धार असलेल्या घाटाची. रीएनॅक्टमेंटसाठी अर्थातच बोथट आणि टोक गोल केलेली. वजन १.१ ते १.४ किलोच्या आसपास असावं. त्याहून फार जड असेल तर ती चुकीची घडलेली आहे. कमरेला लहान खंजीर. कुऱ्हाड हवी असेल तर ब्रूसचंच उदाहरण आहे : बॅनकबर्नच्या पहिल्या दिवशी त्याने हेन्री द बोहून या इंग्रज सरदाराला कुऱ्हाडीच्या एका घावात ठार केलं आणि त्यात कुऱ्हाडीचा दांडा मोडला. बार्बर या कवीने १३७५ च्या सुमाराला लिहिलेल्या काव्यात त्या दिवशी राजाने बॅसिनेटवर उकळून कडक केलेल्या चामड्याची टोपी आणि तिच्यावर मुकुट घातल्याचं वर्णन आहे.

पितळी खिळ्यांनी नटवलेली गोल ढाल, जाळीदार मुठीची तलवार, कमरेचा डर्क नावाचा लांब खंजीर : तिन्ही नंतरच्या काळातल्या. बॅनकबर्नच्या माणसाला यांतलं एकही नको.

मला डोंगराळ भागातला, गेलिक योद्धा करायचा आहे. त्याचं किट कसं?

हा भाग मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो. इथे कायद्यापेक्षा दगड बोलतात. आयोना, सॅडेल, किलमार्टिन, किलमोरी नॅप या ठिकाणी चौदाव्या शतकापासून सोळाव्याच्या पूर्वार्धापर्यंतच्या थडग्यांवरच्या कोरीव शिळा आहेत. त्यांवरचे योद्धे पाहा : गुडघ्यापर्यंत येणारा, उभ्या टाक्यांचा जाड अंगरखा, ज्याला गेलिकमध्ये कोटुन म्हणतात, डोक्यावर टोकदार बॅसिनेट, गळ्यावर आणि खांद्यांवर कड्यांची रुंद झालर, कमरेला तलवार, हातात भाला, कधी लहान ढाल. शेजारी अनेकदा शिडाची नाव कोरलेली असते, कारण या लोकांची सत्ता समुद्रावर चालायची. त्यांच्या राज्याचं केंद्र इस्ले बेटावरचं फिनलॅगन.

अंगरख्याचे टाके शिळांवर इतके स्पष्ट आहेत की ओळी मोजता येतात. शिवायला बसण्यापूर्वी याच शिळांचे फोटो समोर ठेवा, दुसऱ्या कोणी शिवलेल्या अंगरख्याचे नकोत.

एक अडचण आहे. या शिळांवरचा पोशाख दोन शतकांत फारच कमी बदलतो. त्यामुळे नुसत्या पोशाखावरून साल ठरवणं अवघड जातं. तलवारीची घडण, शिळेवरचा लेख आणि भोवतीची नक्षी यांचा आधार घ्यावा लागतो. मुठीमागचा गोळा पाकळ्यांसारखा विभागलेला असेल तर ती जुन्या नॉर्स परंपरेची खूण. खाली झुकलेल्या आणि टोकाला चार पाकळ्यांचं फूल असलेल्या परजेची दोन हातांची तलवार, म्हणजे लोक ज्याला क्लेमोर म्हणतात ती, मध्ययुगाच्या अगदी अखेरीची.

याच भागातले योद्धे गॅलोग्लास म्हणून आयर्लंडमध्ये भाडोत्री लढायला जायचे. १२५९ मध्ये आयर्लंडमधल्या कनॉटच्या राजपुत्राला लग्नात असे १६० योद्धे आंदण मिळाल्याची नोंद आहे. त्यांचं ओळखीचं हत्यार लांब दांड्याची कुऱ्हाड. हे किट उभं करायचं असेल तर आयरिश पुरावाही वापरता येतो.

आणि स्कॉटिश इतिहासकार जॉन मेअर यांचं १५२१ चं वर्णन वाचाच. ते सांगतात की सधन हायलँडर (डोंगराळ भागातले लोक) लढाईत कड्यांच्या चिलखतात असत, तर सामान्य लोक अनेक घड्या शिवलेलं, राळ किंवा डांबरासारखं काही फासलेलं लिननचं वस्त्र घालत, त्यावर हरणाचं कातडं. म्हणजे ब्रूसच्या कायद्यानंतर दोनशे वर्षांनीसुद्धा गरिबाचं चिलखत कापडाचंच होतं.

किल्ट, टार्टन आणि चेहऱ्यावर निळा रंग?

तिन्ही नाही.

निळा रंग 'ब्रेव्हहार्ट' या वॉलेसवरच्या गाजलेल्या हॉलिवूडपटामुळे डोक्यात बसला आहे. १२९७ चा, म्हणजे वॉलेसच्या काळातला, कोणताही स्कॉटिश सैनिक तोंड रंगवून लढत नव्हता. अंगभर गुंडाळून कमरेला पट्ट्याने बांधायचा प्लेड, म्हणजे मोठं लोकरी कापड, सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्पष्टपणे दिसतो, आणि आजचा आखूड किल्ट अठराव्या शतकातला. चौकटीचं कापड मात्र जुनं आहे : फॉलकर्कला सापडलेला तुकडा तिसऱ्या शतकातला, तर ग्लेन अ‍ॅफ्रिकच्या दलदलीत मिळालेलं टार्टन १५०० ते १६०० मधलं असल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. पण प्रत्येक घराण्याचं ठरलेलं टार्टन ही एकोणिसाव्या शतकातली गोष्ट आहे; १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिंबराला आला तेव्हा त्या फॅशनला मोठी उचल मिळाली. तेव्हा आडनावाच्या टार्टनचा पट्टा बॅनकबर्नच्या अंगरख्यावर टाकू नका.

आतले कपडे आणि जोडे कसे असावेत?

लिननचा सदरा, लिननची सैल चड्डी, तिला बांधलेले लोकरीचे दोन वेगळे पायमोजे, वर लोकरीचा अंगरखा. डोक्याला लिननची कानटोपी. जोडे उलटे शिवून मग सुलटे केलेले, सपाट तळव्याचे. पर्थ शहरात १९७० च्या दशकात हाय स्ट्रीटवर झालेल्या उत्खननात चामड्याचे जोडे आणि कापडाचे तुकडे मोठ्या संख्येने मिळाले, त्यामुळे या बाबतीत अंदाजाने चालायची गरज उरलेली नाही. ओल्या गवतावर हे जोडे घसरतात. भाला घेऊन धावण्यापूर्वी नुसतं चालायची सवय करा. पैसे कमी असतील तर तलवार लांबणीवर टाका, जोडे नको. काळे बूट घातलेला सैनिक कितीही उत्तम शिरस्त्राण घालो, नजर पायाकडेच जाते.

सरदाराचं किट करायचं असेल तर?

खर्च अनेक पटींनी वाढतो. अंगरखा, त्यावर पूर्ण बाह्यांचं लांब कड्यांचं चिलखत, पायांनाही कड्या, १३१४ च्या सुमाराला छातीवर कापडात रिव्हेट केलेल्या पत्र्यांचा कोट, वर बिनबाह्यांचा झगा, लहान शिरस्त्राणावर मोठं पूर्ण बंद शिरस्त्राण. आणि घोडा. घोड्याशिवाय सरदार अर्धाच वाटतो, असं मला वाटतं. तेराव्या शतकाच्या अखेरीसाठी इंचमहोम मठातलं मेंटीथच्या अर्लचं थडगं पाहा. पत्नीला कवेत घेऊन तो कड्यांच्या चिलखतात पहुडला आहे. शतकभरानंतरच्या पत्र्याच्या चिलखतासाठी डंकेल्डच्या कॅथेड्रलमधला अलेक्झांडर स्टुअर्टचा पुतळा.

पंधराव्या शतकात काय बदलतं?

पत्रा वाढतो, पण कापड हटत नाही. १३८५ मध्ये फ्रेंच आरमाराचा प्रमुख जाँ द व्हिएन स्कॉटलंडमध्ये उतरला तेव्हा पैशांबरोबर १,४०० चिलखतंही घेऊन आला. १४२९ च्या कायद्यात मिळकतीनुसार यादी आहे : वरच्या गटाला घोडा आणि संपूर्ण चिलखत, त्याखालच्याला टोपी, गळपट्टा, हात-पायांचे पत्रे, छातीचा पत्रा आणि मोजे. १४५७ मध्ये दुसऱ्या जेम्सने फुटबॉल आणि गोल्फवर बंदी घातली, कारण लोकांनी धनुर्विद्येचा सराव करावा.

जॅक हा थरांवर थर शिवलेला कोट या काळाचा मुख्य पोशाख. १४८१ चा कायदा त्याची लांबीसुद्धा सांगतो : पायाला पत्रे नसतील तर जॅक गुडघ्यापर्यंत, असतील तर पत्रा सुरू होतो तिथपर्यंत. थर किती, यासाठी फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या काळातला नियम उपयोगी आहे. त्यात २५ ते ३० थर कापड आणि वर हरणाचं कातडं सांगितलं आहे.

छातीवर सिंह किंवा पांढरा क्रॉस लावू का?

लाल सिंह राजाचा आहे. तुमच्या भालाइताला तो शोभत नाही. स्कॉटलंडमध्ये कुलचिन्हांना १६७२ च्या कायद्याने आजही संरक्षण आहे, त्यामुळे कोणाचं चिन्ह उचलण्याआधी विचार करा. स्कॉटलंडचा संरक्षक संत सेंट अँड्र्यू याचा पांढरा तिरपा क्रॉस १३८५ च्या मोहिमेसाठी अचूक आहे : त्या वर्षीच्या हुकुमात प्रत्येकाने तो पुढे-मागे लावावा, आणि कोट पांढरा असेल तर काळ्या कापडाच्या तुकड्यावर लावावा, असं स्पष्ट म्हटलं आहे. १३१४ साठी साधा, बिनचिन्हाचा अंगरखा ठेवा.

स्त्रियांना या गटांत लढता येतं का?

बहुतेक गटांत येतं. अंगरखा स्वतःच्या मापाने शिवणं मात्र फार महत्त्वाचं. तयार मापं खांद्यात रुंद आणि कमरेत चुकीची बसतात. लढाईऐवजी काळातली स्त्रीच उभी करायची असेल तर १३३८ मध्ये डनबारचा किल्ला सुमारे पाच महिने लढवणारी काउंटेस अ‍ॅग्नेस आहे, आणि १३०६ मध्ये ब्रूसच्या डोक्यावर मुकुट ठेवणारी आणि त्याची शिक्षा म्हणून बेरिकला पिंजऱ्यात कोंडली गेलेली बकनची काउंटेस इझाबेला. दोघींच्याही पोशाखावर मनापासून काम करण्यासारखं आहे.

महाराष्ट्रात बसून हे किट जमवता येईल का?

बऱ्यापैकी येईल. जगभरचे रीएनॅक्टर वापरतात त्या कड्यांच्या चिलखतांपैकी आणि शिरस्त्राणांपैकी बरीच उत्तर भारतातल्या कारखान्यांत बनतात. देहरादून आणि मीरत ही त्यातली ठळक नावं. त्यामुळे उत्पादकाकडूनच घेता येतं. मात्र "मध्ययुगीन" म्हणून सजावटीचा मालही तिथेच बनतो. रिव्हेटचे जवळून काढलेले फोटो, पत्र्याची जाडी आणि वजन मागा. हे द्यायला कोणी टाळाटाळ करत असेल तर दुसरीकडे जा. पट्टे, म्यान आणि वाद्या ओळखीच्या चर्मकाराकडून करून घ्या, नमुन्याचा फोटो देऊन. बक्कल पितळेचं, साधं.

तलवार-भाल्याला भारतात १९५९ चा शस्त्र कायदा लागू होतो. बोथट असली तरी मागवण्यापूर्वी स्थानिक पोलीस ठाण्यात विचारून घ्या. ब्रिटनमध्ये सबळ कारणाशिवाय सार्वजनिक जागी पात्याचं हत्यार बाळगणं गुन्हा आहे. कार्यक्रमाला नेताना ते बांधून, गाडीच्या डिकीत, आणि निमंत्रण जवळ ठेवून न्या.

इथल्या उन्हाचाही विचार करा. स्कॉटलंडच्या हवेसाठीचा अंगरखा पुण्यात मे महिन्यात घालून सराव केलात तर उष्माघात होऊ शकतो. सकाळी लवकर, थोडा वेळ, आणि भरपूर मीठ-पाणी पिऊन.

मूळ वस्तू कुठे पाहता येतील?

एडिंबरातलं स्कॉटलंडचं राष्ट्रीय संग्रहालय पहिलं. तिथे लुइस बेटावर सापडलेल्या बुद्धिबळाच्या सोंगट्यांपैकी ११ आहेत, उरलेल्यांपैकी ८२ वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. बाराव्या शतकातल्या ढाली आणि शिरस्त्राणं त्यांवर बोटभर उंचीत कोरलेली आहेत. ग्लासगोच्या केल्व्हिनग्रोव्हमध्ये १४४० च्या सुमाराचं मिलानचं पूर्ण चिलखत आहे. ते स्कॉटिश नाही, पण पंधराव्या शतकातला पत्रा खरोखर किती पातळ आणि किती कौशल्याने वळवलेला असायचा, ते तिथे उभं राहिल्यावर कळतं. कोरीव शिळांसाठी आयोना आणि किलमार्टिन. जाताना कागद-पेन्सिल न्या. टाके, पट्ट्याचं टोक, तलवार कशी अडकवली आहे, हे फोटोपेक्षा रेखाटताना जास्त लक्षात येतं.

गंज कसा टाळायचा?

वापरानंतर लगेच कोरड्या फडक्याने पुसा, घाम राहू देऊ नका, आणि हलक्या खनिज तेलाचा पातळ हात द्या. मध्ययुगात कड्यांचं चिलखत वाळूबरोबर पिंपात घालून घोळवत. आजही बंद डब्यात कोरड्या वाळूबरोबर हलवलं तर गंज निघतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळाभर ते बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि मधूनमधून उघडून बघा. तेलकट चिलखत अ‍ॅकेटनला लागून ठेवू नका, डाग जात नाहीत. अ‍ॅकेटन धुवायचा नाही. उन्हात उलटा करून वाळवायचा आणि आत घातलेला लिननचा सदरा मात्र प्रत्येक वेळी धुवायचा.